हळू आवाजात बुवांचा गळा डावीकडे सरकतो. हेडफोन ॲम्प बदलू का?

पेटीमास्तर_मार्दोळ

नमस्कार मंडळी. मी मार्दोळला राहतो, पेटी शिकवतो, वय ५७. माझ्या बुवांच्या ४३ कॅसेट माझ्याकडे आहेत. काही शिकवण्यांच्या, काही देवळातल्या बैठकांच्या, बहुतेक १९८६ ते १९९१ या काळातल्या. एकाच मायक्रोफोनवर घेतलेल्या, म्हणजे मोनो. दोन वर्षांपूर्वी त्या सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आणि आता रोज रात्री एकेक बंदिश ऐकून तिचं स्वरलेखन करतो. दिवसा शिकवण्या असतात, समोरच्या रस्त्यावरून गाड्या चालू असतात, म्हणून हे काम रात्री अकरानंतरचं.

साहित्य असं: लॅपटॉप, त्याला यूएसबीवर एक छोटा डॅक (कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा सिग्नल करणारी डबी), डॅकमधून लाल-पांढऱ्या तारांनी ॲम्प आणि ॲम्पला हेडफोन. हेडफोन बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो, २५० ओमवाला. दोह्याला असलेल्या भाच्यानं दिला. ॲम्प मी म्हापशाला एका ओळखीच्या मुलाकडून वापरलेला घेतला, साडेसहा हजारांना. त्याच्या कागदावर लिहिलंय, १ वॉट, ३२ ओमला. कधी कधी भाच्याचेच जुने कानात घालायचे इयरफोनही लावतो, १६ ओमचे. हेडफोन मागून उघडा असल्यामुळे आवाज खोलीत पसरतो आणि बायकोची झोप मोडते.

आता अडचण सांगतो. नॉब सातच्या जागी बंद होतो आणि पाचच्या जागी पूर्ण उघडतो, घड्याळाच्या हिशेबानं. रात्री मला जेवढा आवाज पुरतो तो आठ वाजायच्या आतच मिळतो. आणि नेमका तिथंच बुवांचा आवाज डाव्या कानाकडे जातो. मोनो रेकॉर्डिंग आहे, गळा डोक्याच्या मधोमध यायला हवा. नॉब दहापर्यंत नेला की तो मधे येतो, पण तेवढा मोठा आवाज मी रात्री तासभर ऐकू शकत नाही. इयरफोन लावले तर त्याहून वाईट. सुरुवातीला फक्त डावा कान वाजतो, उजवा नंतर जागा होतो.

खरं सांगायचं तर मला पहिली भीती माझ्या उजव्या कानाची वाटली. पेटी शिकवणाऱ्याचा कान गेला तर मागे काय उरतं? महिनाभर कुणाला बोललो नाही.

भाचा म्हणतो, मामा, नॉब एवढ्या खालीच आवाज भरतो म्हणजे ॲम्प दमदार आहे, काही करू नका. पणजीच्या एका दुकानदारानं सांगितलं की २५० ओमला १ वॉट पुरत नाही, २ वॉटचा घ्या, मग सगळं नीट होईल. दोघांची बोलणी एकमेकांशी जुळत नाहीत. आवाज आधीच जास्त होतो आहे, मग आणखी ताकद कशाला?

तेव्हा दोन प्रश्न. हा नॉब नक्की काय करतो? आणि नवीन ॲम्प घ्यायचाच झाला तर काय बघून घ्यावा? दहा-बारा हजारांपर्यंत जाऊ शकतो. चवथीनंतर घेतला तरी चालेल.

म्हापशेकार

मास्तर, ॲम्पच्या मागे किंवा पोटाखाली गेनचा, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा त्याचा, खटका आहे का बघा. वापरलेले ॲम्प बहुतेक वेळा ‘हाय’वर ठेवूनच विकले जातात, कारण दाखवताना आवाज मोठा वाटतो. तो ‘लो’वर करा.

इयरफोनसाठी मी एक रेझिस्टरवाला अडॅप्टर वापरतो, ७५ ओमचा. मधे जोडला की आवाज खाली येतो आणि नॉब वर न्यायला जागा मिळते. स्वस्तातला उपाय आहे.

खरखर_दुरुस्ती_मडगाव

मास्तर, सगळ्यात आधी कानाची काळजी मिटवू या. आज रात्री नॉब त्याच आठच्या जागी ठेवा, बुवांची कॅसेट लावा आणि हेडफोन उलटा घाला. डाव्याचा उजव्या कानावर, उजव्याचा डाव्यावर. गळा उजवीकडे गेला तर दोष तुमच्या कानात नाही, यंत्रात आहे. डावीकडेच राहिला तर कान तपासून घ्या, पुढे ढकलू नका. मग हेडफोन सरळ घालून, ॲम्पच्या पाठीमागच्या लाल आणि पांढऱ्या तारा एकमेकींच्या जागी लावा. गळा त्यानं उजवीकडे गेला तर दोष डॅकमध्ये किंवा तारेत. डावीकडेच राहिला तर ॲम्पमध्ये किंवा हेडफोनमध्ये. माझा अंदाज ॲम्पचाच आहे, कारण नॉब वर नेल्यावर गळा मधे येतो असं तुम्हीच लिहिलंय. हेडफोन बिघडला असता तर तो प्रत्येक आवाजाला डावीकडेच राहिला असता.

आता नॉबचं. मी ३४ वर्षं रेडिओ, टेपरेकॉर्डर, ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो आहे आणि गिऱ्हाइकाचा हा गैरसमज रोज बघतो की नॉब वर नेला म्हणजे आपण ॲम्पला जास्त ताकद लावायला सांगतो. तसं नाही. बहुतेक ॲम्पमध्ये गेन ठरलेला असतो. आत येईल त्याला तो समजा पाचपट करणार, नॉब कुठंही असो. नॉब त्याच्या आधी बसलेला असतो आणि आत येणाऱ्या सिग्नलपैकी किती पुढे सोडायचा आणि किती वाटेतच जिरवायचा एवढंच तो ठरवतो. पूर्ण उघडलेला नॉब म्हणजे काहीही न जिरवणारा नॉब. म्हणून आठच्या जागी आवाज भरला यातून ॲम्पची ताकद कळत नाही. सिग्नल मोठा आहे, गेन जास्त आहे किंवा हेडफोन थोडक्यात वाजतो, यापैकी काहीतरी आहे एवढंच कळतं.

तुमच्या हेडफोनचा हिशेब करून दाखवतो, कारण दुकानदारानं वॉटांचं नाव घेतलंय. कंपनीच्या कागदावर डीटी ९९० प्रोला १ मिलिवॉटला ९६ डेसिबल दिलेत. २५० ओममध्ये १ मिलिवॉट जायला अर्धा व्होल्ट लागतो. म्हणजे अर्ध्या व्होल्टला ९६. व्होल्ट दुप्पट केले की ६ डेसिबल वाढतात, म्हणून १ व्होल्टला १०२, २ व्होल्टला १०८. बैठकीतला सगळ्यात मोठा क्षणसुद्धा रात्री तुम्ही ८० डेसिबलच्या वर ऐकत नसाल. त्याला लागतात ०.०८ व्होल्ट, म्हणजे एका मिलिवॉटचा चाळिसावा हिस्सा. वॉट नव्हे, मिलिवॉट.

आता दुकानदाराचे २ वॉट. ते ३२ ओमला लिहिलेले असतात. २ वॉट ३२ ओमला म्हणजे ८ व्होल्ट. तेच ८ व्होल्ट २५० ओमवर फक्त पाव वॉट देतात. तुमचा १ वॉटवाला त्याच हिशेबानं २५० ओमला साधारण १२८ मिलिवॉट देतो, म्हणजे ११७ डेसिबल. दुप्पट वॉटांचा घेतलात तर १२०. पैसे दुप्पट देऊन ३ डेसिबल, आणि तेही जिथं माणसानं कान नेऊच नये तिथले. तुमची शंका बरोबर आहे, ताकदीची इथं काही गरज नाही.

मग गळा सरकतो का? तुमच्या डॅकमधून पूर्ण आवाजाला बहुधा २ व्होल्ट निघतात, सीडी प्लेयरपासूनचा तो रिवाज आहे. ॲम्प पाचपट करत असेल तर कागदावर १० व्होल्ट. (तुमचा ॲम्प साडेपाचच्या थोडं वर जाऊन कापायला लागेल, म्हणजे नॉबचा शेवटचा भाग तसाही निकामी, तिथं फक्त आवाज फाटतो.) तुम्हाला हवेत ०.०८. म्हणजे नॉबनं शंभरातला एक भागसुद्धा पुढे सोडायचा नाही, ०.८ टक्के.

नॉबच्या मागे पॉट असतो. घोड्याच्या नालासारखी वळलेली कार्बनची पट्टी आणि तिच्यावर घासत फिरणारी पातळ पत्र्याची जीभ. स्टिरिओ म्हणजे एकाच दांड्यावर अशा दोन पट्ट्या, एक डाव्या कानाची, एक उजव्या. पट्टी १० हजार ओमची धरू. ०.८ टक्के म्हणजे जीभ तळापासून ८० ओमवर उभी आहे. दुसऱ्या पट्टीची जीभ त्याच जागी ११० ओमवर असेल तर? फरक अवघा ३० ओमचा, पण कानाला तो जवळजवळ ३ डेसिबलचा, आणि एवढ्यात मोनो गळा सरळ एका बाजूला जातो. हाच ३० ओमचा फरक पट्टीवर वर, दीड हजार ओमच्या जागी असता तर दोन दशांश डेसिबलसुद्धा भरला नसता. मधे राहिला असता गळा. पट्ट्यांमधली उणीव वर-खाली तेवढीच आहे, तुम्ही मात्र त्यांच्या सगळ्यात नाजूक टोकाला बसून ऐकता आहात.

इयरफोन १६ ओमचे, ते याहून कितीतरी कमी व्होल्टवर वाजतात. त्यांच्यासाठी जीभ पार तळाला लागते. म्हणून एक कान आधी आणि दुसरा मागून.

पट्टीवरचा ओमचा चढ सरळ नसून वक्र का असतो, तेही सांगतो. कान दुप्पट-तिप्पट मोजतो, बेरीज मोजत नाही. सरळ, म्हणजे लिनियर पॉट लावला तर नऊ वाजेपर्यंतच सगळा आवाज वाढून जातो आणि पुढं नॉब फिरवल्याचं जाणवतही नाही. म्हणून आवाजासाठी लॉग पॉट. त्याच्यावर ‘ए’ छापलेलं असतं, लिनियरवर ‘बी’. जुन्या युरोपियन मालावर ही अक्षरं वेगळी येतात, तिकडे फसू नका. लॉग पॉटमध्ये नॉब बाराच्या जागी आला की सिग्नलचा साधारण दहा ते पंधरा टक्केच भाग पुढे जातो, म्हणजे १६ ते २० डेसिबल जिरलेले असतात. बाजारातला स्वस्त लॉग पॉट हा खरा वक्रही नसतो, दोन सरळ तुकडे जोडून वक्र भासवलेला असतो. दोन पट्ट्यांचे सांधे पुढेमागे झाले की मधल्या वाटेतही गळा थोडा हलतो.

काय करायचं ते म्हापशेकारांनी लिहिलंच आहे. गेन खाली आणा. पाचपटीचा एकपट झाला तर त्याच आवाजासाठी जीभ ८० ओमवरून ४०० ओमवर येते आणि ३० ओमचा फरक अर्ध्या डेसिबलच्या थोडा वर उरतो. आवाज तोच, गळा मात्र मधे.

लॅपटॉपचा आवाज पूर्ण ठेवा, कमी करायचा तो ॲम्पवरच करा.

आणि एक. पॉट फिरवताना खरखर येते का? आमच्याकडच्या पावसाळ्यात पट्टीवर दमट हवेचा थर बसतो, जून ते सप्टेंबर माझ्या बाकावर निम्मी कामं त्याचीच असतात. कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो तो मारून नॉब पंचवीस-तीस वेळा दोन्ही टोकांना फिरवला की बहुतेक वेळा जाते. गंज सोडवायचा साधा स्प्रे पॉटमध्ये मारू नका. क्लीनर मारूनही खरखर राहिली तर आतला एखादा कपॅसिटर गळतो आहे आणि पट्टीवरून डीसी वाहतो आहे असं समजा. ते उघडून बघायचं काम.

ध्वनियोजना_वास्को

मास्तर, मी नाटकं आणि भजनाच्या कार्यक्रमांचं ध्वनीचं काम गेली १८ वर्षं करते. वरचं पॉटचं सगळं पटलं, इतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं. दोन गोष्टींवर मात्र माझं मत वेगळं आहे.

एक, लॅपटॉपचा आवाज पूर्णच हवा हा १६ बिटच्या काळातला नियम (बिट म्हणजे कॉम्प्युटर आवाज किती बारीक मोजतो त्याचं माप). तेव्हा कॉम्प्युटरवर आवाज कमी केला की खरोखर तपशील कापला जायचा. एका बिटाला ६ डेसिबल, १६ बिटांना ९६. आज तुमचा डॅक २४ बिटवर चालतो (लॅपटॉपच्या ध्वनी सेटिंगमध्ये तसं निवडलंय का ते बघून घ्या), म्हणजे खाली ८ बिट मोकळे आहेत. कॉम्प्युटरवर १५-२० डेसिबल उतरवले तरी तुमच्या फाईलमधलं काही हरवत नाही. शिवाय ऐकताय काय, तर १९८६ची साधी कॅसेट. तिच्यात सगळ्यात मोठा आवाज आणि टेपची सूं यांच्यात ६० डेसिबलांचंही अंतर नसतं. बिट पुरतात. डॅकची स्वतःची सूं तेवढी कमी होत नाही. कानात घालायच्या नाजूक इयरफोनवर ती ऐकू येऊ शकते, तुमच्या २५० ओमवाल्यावर नाही.

म्हणून माझा क्रम असा. आधी गेन लो. तरीही नॉब तळालाच राहिला तर लॅपटॉपवर आवाज उतरवा आणि नॉब अकरा-बाराच्या आसपास आणा. पण हे करताना एक धोका लक्षात ठेवा. नॉब वर आहे, लॅपटॉप खाली आहे, आणि एखाद्या दिवशी अपडेटनंतर लॅपटॉपचा आवाज आपोआप शंभरावर गेला तर तो धक्का सरळ कानात जाईल. हेडफोन डोक्यावर चढवण्याआधी नॉब सातवर नेण्याची सवय लावा. आमच्या कामात मिक्सर चालू करताना हीच शिस्त असते.

दुसरं, ७५ ओमचा अडॅप्टर. आवाज उतरतो हे खरं, १६ ओमला साधारण १५ डेसिबल. पण इयरफोनचा ओम सगळ्या सुरांना सारखा नसतो. ज्यांच्यात आत दोन-तीन ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे बारीक स्पीकर, असतात त्यांचा तर खर्जाला एक आणि तारसप्तकात भलताच. मधे ७५ ओम घातले की ज्या सुरांना ओम जास्त तिथं आवाज जास्त मिळतो, आणि सगळा बाज बदलतो. एकच ड्रायव्हर असेल तर फरक थोडका. पण तुम्ही स्वरलेखन करता, कण, म्हणजे ओझरता लागलेला स्वर, कुठून आला ते शोधता. तुमच्या कामात यंत्रानं स्वतःचा रंग घालायला नको. याच कारणासाठी नवीन ॲम्प घेताना त्याचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे ॲम्पचा स्वतःचा आतला ओम, बघा. हेडफोनच्या ओमच्या आठव्या हिश्शाहून कमी असावा असा ढोबळ नियम आहे. तुमच्या २५० ओमला तो ३० ओमपर्यंत चालेल, १६ ओमला मात्र २ ओमच्या आत हवा.

आणि कानाबद्दल. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित मर्यादा सांगते. ९० वर गेलात तर आठवड्याला ४ तासच उरतात. तुम्ही रात्री हळू ऐकता ते अगदी योग्य आहे. नॉब दहाला नेला तर गळा मधे येतो म्हणून मोठ्यानं ऐकायची सवय लावून घेऊ नका. यंत्र दुरुस्त होतं. माझ्याबरोबर काम केलेल्या दोघांना आज घुमट आणि शामेळ ही आपली गोव्याची चर्मवाद्यं एकत्र वाजली की शामेळीच्या काठ्यांचा वरचा आवाज वेगळा ऐकू येत नाही. दोघेही माझ्याहून लहान आहेत.

खरखर_दुरुस्ती_मडगाव

बाई, बिटांचं बरोबर आहे, मी जुन्या सवयीनं लिहिलं. गेन लो केल्यावरच लॅपटॉप उतरवायचा, हा क्रम तेवढा सगळ्यांनी पाळावा. आधी लॅपटॉप उतरवून गेन हायवरच ठेवला तर ॲम्पची सूं पाचपट होत राहते आणि वर गाणं बारीक.

नवीन ॲम्पबद्दल मास्तरांनी विचारलं होतं ते राहिलं. मी वॉट शेवटी बघतो. आधी गेन, कारण लो गेन एकपट किंवा त्याहून कमी असलेला ॲम्प रात्रीच्या ऐकण्याला सोयीचा. मग २५० ओमला किती व्होल्ट देतो ते. ३-४ व्होल्ट मिळाले की तुमच्या हेडफोनला उरून पुरतात. मग आवाज कमी करायची सोय कसली आहे ते. साधा कार्बन पॉट असला तर दुकानात बसूनच मोनो गाणं लावा आणि नॉब अगदी हळूहळू तळापासून वर न्या, गळा कुठं मधे येतो ते ऐका. रिले किंवा टप्प्याटप्प्याचा असेल, म्हणजे फिरवताना आत टक टक होतं, तर त्यात पट्टी नसते. मोजून जोडलेले रेझिस्टर असतात आणि दोन्ही कान तळापर्यंत सारखे राहतात. दहा-बारा हजारांत असे मोजके मिळतात, काहींत आवाज चिपच्या आतच कमी होतो, तेही चांगलं. नॉब किती गुळगुळीत फिरतो यावरून आतलं काही ठरवू नका.

एक जागा अशी आहे जिथं माणसं फसतात. काही ॲम्पमध्ये पॉट गेनच्या आधी नसून नंतर असतो. २०११मध्ये एका इंजिनियरनं टोपणनावानं ऑब्जेक्टिव्ह-२ हा खुला आराखडा दिला, त्यात तो मुद्दाम तसा ठेवलाय. नॉब खाली आणला की गेनच्या पायरीची सूंही त्याच्याबरोबर खाली येते, रात्रीच्या शांततेत तो फार चांगला वाटतो. पण त्याचा वरचा गेन साडेसहापट आहे. डॅकचे २ व्होल्ट साडेसहापट म्हणजे १३, आणि त्याच्या वीजपुरवठ्यातून तेवढे निघूच शकत नाहीत. मग नॉब कितीही खाली असला तरी गाणं आधीच कापलेलं. हळू वाजतंय आणि तरी फाटतंय, असा ॲम्प माझ्याकडे कुणी आणला की मी आधी गेनचा खटका बघतो.

फातर्पेकार

बॅलन्स्डवाला घ्या मास्तर, आजकाल सगळे तोच घेतात. डबल ताकद.

ध्वनियोजना_वास्को

त्यांना ताकद नको आहे. डीटी ९९०ची तारही कायमची जोडलेली, तीन तारांची. बॅलन्स्ड म्हणजे दोन्ही कानांना वेगवेगळ्या दोन-दोन तारा, त्यासाठी हेडफोन उघडून नवीन तार डागावी लागेल, भाच्यानं दिलेल्या हेडफोनवर तो प्रयोग नको.

पेटीमास्तर_मार्दोळ

मंडळी, चार दिवसांनी लिहितोय. मधे दोन दिवस रात्री लाईट नव्हती.

पहिल्या रात्री हेडफोन उलटा घातला. खरं तर हात थरथरत होता. गळा उजवीकडे गेला. पुन्हा सरळ घातला, डावीकडे. पाच वेळा केलं. मग बायकोला उठवलं आणि तिच्या कानावर घातला, तिलाही तसंच. महिनाभर जे ओझं घेऊन फिरत होतो ते त्या क्षणी उतरलं. मडगावच्या दादांना देव बरें करूं, एवढंच म्हणतो. लाल-पांढऱ्या तारा बदलून पाहिल्या, गळा डावीकडेच राहिला. म्हणजे तुम्ही म्हणालात तसा दोष ॲम्पमध्ये.

गेनचा खटका पोटाखाली रबरी पायाच्या शेजारी आहे, सुईनं सरकवावा लागतो एवढा बारीक. ‘हाय’वरच होता. ‘लो’ केला. त्याच रात्रीच्या आवाजाला नॉब आता सव्वानऊच्या जागी येतो आणि बुवा मधे आहेत. अगदी मधे म्हणता येणार नाही, केसभर डावीकडे, पण ते मी शोधायला बसलो तरच. बाईंनी सांगितल्याप्रमाणे सेटिंगमध्ये २४ बिट केलं, लॅपटॉपचा स्लायडर खाली आणला आणि नॉब अकराला. आता केसभरही नाही. इयरफोनवर अजून जरा कुरकूर आहे, पण दोन्ही कान एकदम सुरू होतात. अडॅप्टर आणला नाही. हेडफोन चढवण्याआधी नॉब सातवर न्यायचा, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

नॉबचं मी माझ्या मुलांना पेटीवर समजावून सांगितलं. भात्यात हवा कितीही भरा, सूर तेवढीच घेतो जेवढी खुंटी उघडलेली असेल. दोन सुरांच्या खुंट्या अगदी थोड्या उघडल्या की एक आधी बोलतो, दुसरा मागून. दोन्ही नीट ओढल्या की एकत्र बोलतात. मुलांना लगेच कळलं. भाच्यालाही फोनवर तेच सांगितलं.

आता मूळ काम. १९८८च्या कॅसेटमधल्या एका यमनच्या बंदिशीचं स्वरलेखन मी फार पूर्वी केलं होतं, त्या वेळी टेपरेकॉर्डरच्या स्पीकरवर ऐकून. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत मी ‘ग रे’ असं लिहिलं होतं आणि वीस वर्षं मुलांना तेच शिकवत आलो. परवा रात्री बुवा मधोमध असताना, हळू आवाजात, पाच वेळा ऐकलं. गंधाराला तीव्र मध्यमाचा कण आहे. इतका हलका की आवाज मोठा करून ऐकला तर टेपच्या सूंमध्ये आणि तबल्यात बुडून जातो. शिकवताना ते हाताच्या खुणेनं काहीतरी दाखवायचे, ते हेच असणार. वहीतली ओळ खोडली, नवीन लिहिली. ज्या मुलांनी जुनी शिकली आहे त्यांना या रविवारी बोलावलंय.

नवीन ॲम्प आता घेत नाही. दादा, पॉट तुमच्याकडून बदलून घेईन म्हणतो. झाकण उघडून बघितलं, त्याच्यावर ‘१०के’ आणि ‘ए’ छापलंय, सहा पाय आहेत, दोन रांगांत तीन-तीन. बुधवारी कदंब बसनं मडगावला येतो. बाराच्या आत येऊ की जेवणानंतर?

खरखर_दुरुस्ती_मडगाव

जेवणानंतर या, साडेतीनला. पॉट दोन-तीन आणून ठेवतो, मीटरवर तळाची जुळणी बघून त्यातला चांगला निवडू. ती कॅसेटची फाईल पेनड्राईव्हवर घेऊन या, बसवल्यावर तिच्यावरच तपासू.